उजळ फोटोचा कॅमेरा

दोन वस्तू दाखवून कोणी मला म्हटलं की दोन्ही सारख्याच आहेत, की माझं डोकं फिरतं. परवा कॉलेजात तेच झालं. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मधल्या सुट्टीत बारावीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली आणि मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाली, "मॅम, थोडं सांगा ना. जुना कॅमेरा घेऊन राह्यली मी. हे दोन भेटून राह्यले. कोणता घेऊ?"

आता म्हणे पोरींना ते जुने, खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे पुन्हा हवे असतात. मोबाइल चेहरा फार चकाचक करून टाकतो, ह्या जुन्यांत आपण जसे आहो तसे येतो, असं तिचं म्हणणं. मी चष्मा लावून पाहिलं. एक रुपेरी, एक जांभळट. कंपनी एक, नाव एक, नंबर एक. नंबराच्या शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. हो, तेच दोन.

"दोन्ही सेमच हायेत ना, मॅम?"

"सेम नाहीत!" मी म्हटलं, आणि जरा जोरातच म्हटलं. शेजारी डबा खात बसलेले गणिताचे सर दचकले. पोरगी बिचारी कानकोंडी झाली. तिला काय ठाऊक, ह्या दोन डब्यांमधला फरक मी पंधरा वर्षं घरात सांभाळून बसले आहे ते. मी तिला रुपेरी घ्यायला सांगितलं आणि तासाची वेळ झाली म्हणून उठले. तास नव्हताच.

मला गवताचं वेड होतं. हसा खुशाल, आमच्या घरीही सगळे हसत. बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलं आणि दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला रस्त्याच्या कडेला नेऊन उकिडवं बसवलं. म्हणाले, इथे किती प्रकारचं गवत आहे ते मोजा. मी तीन म्हटलं. सरांनी अकरा दाखवले. मारवेल, पवन्या, कुंदा, आणि आमच्या पायजम्यांना चिकटून घरापर्यंत येणारी ती मेली कुसळी. दुरून सगळं हिरवंच. जवळ जाल, तुऱ्यातला एकेक दाणा पाहाल, त्याच्यावरचे केस पाहाल, तेव्हा कळतं कोण कोण आहे. त्या दिवसापासून मी ओणवीच झाले. समुद्रपूरच्या भोवतालचा एक बांध मी सोडला नाही. आई म्हणायची, "गाय झाली हे पोरगी, गाय. दिसलं गवत की घातलं तोंड."

बाबांनी मात्र शब्द दिला होता. माझे बाबा तहसील कचेरीत बाबू. बाबांचा शब्द म्हणजे शिक्का मारलेला कागद, अशी त्यांची गावात ख्याती. ते म्हणाले होते, "कॉलेजातून पह्यली येजो, तुले कॅमेरा घेऊन देतो. तुह्या पसंतीचा." आणि मी पहिली आले.

कॅमेरा मला मिरवायला नको होता. सरांच्या हाताशी बोर धरणाच्या बाजूच्या गवताळ रानांच्या पाहणीचं काम आलं होतं. दोन वर्षं चालणारं. एमएस्सीच्या मुलांतून ते दोघांना सोबत घेणार होते, आणि अट एकच होती. दिवाळीपर्यंत वीस गवतांचे जवळून काढलेले फोटो आणून दाखवायचे. तुऱ्यातला दाणा न् दाणा ओळखू आला पाहिजे. ज्याला जमेल तो बोरला येईल. दोन वर्षं रान, सरांसारख्या माणसाचा हात डोक्यावर, आणि पुढे त्यातच शिकायची वाट. मला दुसरं काही नको होतं. आजही विचाराल तर तेच सांगेन.

म्हणून मी कॅमेऱ्याचा अभ्यास केला. परीक्षेचा करत नाहीत असा. वर्ध्याच्या दुकानातून माहितीपत्रकं आणली, हिंगणघाटला नेट कॅफेत बसून वाचलं, वहीत उभ्या रेघा मारून तक्ता केला. शेवटी हे दोन उरले. किंमत सारखी, मेगापिक्सेल सारखे, झूम सारखा, वजन सारखं. फरक एकच होता. रुपेरी कॅमेरा वस्तूच्या बोटभर जवळ नेला तरी फोटो स्वच्छ काढायचा. जांभळट कॅमेरा वीतभर लांब ठेवावा लागायचा. त्याच्या बदल्यात त्याच्यात एक जास्तीची सोय होती: चेहरा ओळखून तो नितळ आणि उजळ करायची. मी त्या ओळीवर काट मारली होती. माझं काय अडलं होतं त्याच्याशी? कुसळीला कुठे उजळ व्हायचं होतं!

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं वर्ध्याला गेलो. आईच्या हातात कापडी पिशवी होती, फुगलेली. मी विचारलं, "हे काय आणलं वं?" तर म्हणे, "असंच. येता येता मावशीकडे जाऊ." मी मूर्ख, मला पटलं. मी खिडकीशी बसून वहीतला तक्ता पाठ करत होते.

दुकानात बाबांनी रीतीप्रमाणे आधी पाणी मागितलं, मग पंख्याखालची खुर्ची, मग दोन्ही कॅमेरे. बाबांची एक खोड आहे. काहीही घ्यायचं म्हटलं की तिथे हजर असतील त्या चार लोकांना विचारायचं. टॉर्च असो की सोफा, बाबा दुकानातल्या अनोळखी माणसाला थांबवून म्हणणार, "भाऊ, तुमचं काय मत हाय?" आमच्या घरातली प्रत्येक वस्तू लोकांच्या मतानं आली आहे. मी म्हटलं, "बाबा, विचारायची गरज नाई. मी पाहून ठेवलं. हा रुपेरी." बाबा म्हणाले, "पाहू ना, घाई काऊन करतं?"

आणि आईनं पिशवी उघडली. आत तिची गुलाबी रेशमी साडी, पावडरचा डबा, टिकल्यांचं पाकीट.

"दुकानाच्या मागं खोली हाय, ह्या दुकानवाल्या भाऊंनी सांगितलं. नेसून ये. फोटो काढाचाच हाय तर चांगलाच काढू."

"कशाचा फोटो?"

"कशाचा म्हंजे? बायोडाटाले लागन ना."

म्हणजे ठरलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं दोघांनी सकाळपासून चालवलं होतं. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "एका कामात दोन कामं होऊन जाते. कॅमेरा पण पारखल्या जाईन." मी साडी नेसले. का नेसले? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याची लाजही वाटत नाही. तुझ्या पसंतीचा कॅमेरा, असं बाबा म्हणाले होते. मला वाटलं, फोटो काढू दे ह्यांना, कॅमेरा तर मिळतो आहे.

दुकानदारानं मला भिंतीशी उभं केलं. ट्यूबलाइट डोक्यावर. आधी रुपेरीनं काढला, मग जांभळटानं. छोट्या यंत्रातून दोन फोटो छापून बाबांच्या हातात दिले. बाबांनी एक डाव्या हातात धरला, एक उजव्या. कचेरीत सही पडताळून पाहतात तसे जवळ नेऊन, लांब नेऊन पाहिले.

डाव्या हातात मी होते. सावळी. सावळी कशाला म्हणा, काळीच. कपाळावर लहानपणी पडल्याची खूण, नाकावर घाम. उजव्या हातात एक गोरी, गुळगुळीत मुलगी होती. तिनं आईची गुलाबी साडी नेसली होती. तिच्या कपाळावर खूण नव्हती.

"काय म्हणता भाऊ, कोणता चांगला?" बाबांनी सुरू केलं. पासपोर्टचे फोटो न्यायला आलेले एक गृहस्थ पुढे झाले. दुकानदाराची बायको आली. मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेल्या दोन बायका आल्या. एका बाईनं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "अव्वा! कॅमेऱ्यानं तर कमालच केली वं!" सगळे हसले. दुकानदार म्हणाला, "काकाजी, आजकल शादीब्याहवाले यही ले जाते. उजळ येते याच्यात." पासपोर्टवाले गृहस्थ म्हणाले, "मुलीचा मामला आहे, उजळच घ्या." मत पडलं. पाचच्या पाच उजव्या हाताला.

मला त्यांचा राग नाही. ते कोण माझे? मी बाबांकडे पाहत होते. बाबांचे दोन्ही हात माझ्यासमोर होते, फोटो धरलेले. ते हात माझ्याच रंगाचे. माझा रंग कुठून आला, हे सांगायला कोण्या सरांची गरज नव्हती. आई गोरी आहे. मी बाबांची आहे, नाकापासून नखापर्यंत.

मी म्हटलं, "बाबा, त्याच्यात जवळचं येत नाई. मले गवताचे काढाचे हायेत. तुम्ही म्हटलतं, माह्या पसंतीचा."

"अवं, येते ना त्याच्यात पण गवत. गवताले काय होते?"

"दाणे नाई येत, बाबा."

"सब आता है, ताई," दुकानदार मध्येच. त्याच्या तोंडात माती.

"मी पह्यली आली ना बाबा? मग?"

बाबांचा आवाज खाली गेला. बाबा चिडले की आवाज खाली जातो. "लोकायसमोर तोंड चालवू नोको. कॅमेरा तुहाच हाय. घरीच राहीन." आणि उजव्या हातातला फोटो वर करून दुकानदाराला म्हणाले, "हे द्या." कॅमेऱ्याला म्हणाले की त्या मुलीला, कोण जाणे.

बायोडाटा बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. बाबांचं अक्षर मोत्यासारखं. ह्या माणसानं उभ्या नोकरीत एक खोटी नोंद केली नाही. पोरांच्या जन्मतारखा एका वर्षानं पुढेमागे करा म्हणून लोक घरी येऊन पाया पडत, बाबा चहा पाजून वाटेला लावत. "नोंद म्हंजे नोंद," हे वाक्य आम्ही ऐकत वाढलो. त्याच हातानं, त्याच पेनानं त्यांनी लिहिलं: शिक्षण, एमएस्सी सुरू. उंची, पाच फूट दोन. वर्ण, निमगोरा. मी पाहत होते. निमगोरा लिहिताना पेन अडलंसुद्धा नाही. फोटो टाचून चार ठिकाणी पाठवला.

मी मात्र हार मानली नव्हती. दिवाळीला वेळ होता. जांभळट कॅमेरा घेऊन मी बांधावर गेले. जवळ नेला की दाणा पुसून जायचा, लांब धरला की गवताचं नुसतं हिरवं. पहिले फोटो सरांनी पाहिले आणि म्हणाले, "धुक्यात काढलेस का?" घरी येऊन रडले, मग बाबांचं वाचायचं भिंग उचललं. भिंग कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढे धरलं, श्वास रोखला, आणि बटण दाबलं. दाणा आला! कडेला जरा वाकडा, पण आला, केसांसकट. मी शेतात एकटीच ओरडले. महिनाभरात अठरा गवतं झाली. सरांनी ते फोटो एकेक करून उजेडात धरून पाहिले. मग विचारलं, "कशानं काढलेस?" मी सांगितलं, भिंग लावून. सर म्हणाले, "पुढल्या आठवड्यात बोरला ये. उरलेले दोन तिथे रानातच काढून दाखव. जमलं तर नाव लिहितो." घरी येताना एसटीत जागा नव्हती, दांड्याला लटकून आले, आणि समुद्रपूर कधी आलं कळलं नाही.

त्याच्या आधीच्या रविवारी सेलूकडचे पाहुणे मुलगी पाहायला आले. मुलगा, त्याची आई, त्याचा मामा. फोटो पाहून आले होते. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बैठकीत गेले, वाकून ठेवला, समोरच्या खुर्चीत बसले. मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिची नजर दाराच्या पडद्याकडे होती. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मग ती आईला म्हणाली, "हे मोठी हाय का तुमची? बसू द्या तिले, पण जिचा फोटो पाठवला तिले बोलवा ना आता."

 आईच्या हातातली पाण्याची लोटी कलंडली. मी खाली पाहिलं आणि मनात म्हटलं, बाबा, बोला. एवढं बोला, हीच ती. फोटो खोटा आहे, पोरगी खरी आहे. ते उठून जातील, जाऊ देत. तुम्ही बोला.

बाबा बोलले. हसत हसत बोलले. "हेच ते, हेच ते. काय आहे ना, हे पोरगी दिवसभर उन्हात फिरते, गवत की काय ते शोधत. म्हणून रापली. मूळचा रंग फोटोतलाच हाय. चार दिवस घरात बसली की येते मंग परत."

मूळचा रंग फोटोतलाच!

बाईनं पर्समधून फोटो काढला, माझ्या चेहऱ्याशेजारी हवेत धरून पाहिला आणि पर्समध्ये परत ठेवला. "दिसते तसं नसते, म्हणून तर जग फसते," मामाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. मुलगा पोह्यातले शेंगदाणे वेचून खात होता. त्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि गेले. पोहे सोडले नाहीत, बरं का. बशा चाटूनपुसून स्वच्छ.

फाटक लागलं तसे बाबा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता जवळ घेतील. खरंच वाटलं.

"उद्यापासून ते रानात भटकणं बंद."

"बाबा, गुरुवारी बोरले जायचं हाय. सर वाट पाह्यतीन. अठरा झाले, दोनच बाकी हायेत."

"फोटो अजून तीन जागी गेला हाय! लोकं येतीन. दरवेळी अशीच फजिती करू का माही? फोटो गेला तर गेला. आता फोटोसारखं दिसावं लागन."

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "दोन महिन्याची तर गोष्ट हाय, बाई. लग्न झाल्यावर पाह्य ना गवत." लग्न झाल्यावर, म्हणे. जसं काही गवत माझ्यासाठी दारात उभं राहणार होतं.

त्या गुरुवारी सकाळी आठला कॉलेजातून जीप निघणार होती. आठ वाजता मी न्हाणीजवळच्या पाटावर बसले होते. संत्र्याच्या वाळवलेल्या सालींची पूड, बेसन आणि साय आईनं तोंडाला थापली होती. ते वाळेपर्यंत बोलायचं नसतं, नाहीतर तडकतं. मी बोलले नाही. आठचे सव्वाआठ झाले, साडेआठ झाले. डोळ्यांतून पाणी आलं तर दोन ओघळ पडले, आई म्हणाली, "अवं, खराब झालं ना सारं," आणि पुन्हा थापलं.

माझ्या जागी दुसरी मुलगी गेली. हुशार होती, तिचा काही दोष नाही. ती आज गवतावरच काम करते, तिचे लेख मी शोधून शोधून वाचते आणि वाचून झाल्यावर दोन दिवस कोणाशी नीट बोलत नाही. मी फोटोसारखी झाले का? डोंबलाची! आणखी दोन घरचे पाहुणे आले, दोघांनीही फोटो आणि मी असं जुळवून पाहिलं, दोन्ही वेळा बाबांनी उन्हाचं सांगितलं. चौथ्यांदा मी आतल्या खोलीची कडी लावली आणि आतून ओरडले, "फोटोच नेऊन ठेवा बाहेर! तो बसन खुर्चीत!" पाहुणे फाटकातून परतले. त्यानंतर कोणी आलं नाही. मी एमएस्सी केलं, बीएड केलं, नोकरीला लागले. कॅमेरा कपाटात आईच्या साड्यांखाली आहे. मी लग्न केलं नाही आणि बाबांनी कधी विषय काढला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांच्या गोळ्या मीच आणते, त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच करून आणलं. दुसरा अजून बाकी आहे.

आता परवाचं. त्या मुलीला स्टाफरूममध्ये रुपेरी कॅमेरा घे म्हणून मी घरी आले, ती तशीच धुमसत. नोव्हेंबर म्हणजे बाबांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा महिना. माणूस जिवंत आहे एवढं दरवर्षी कळवावं लागतं. आता ते मोबाइलवर घरबसल्या होतं. चेहरा दाखवायचा, तो सरकारकडे असलेल्या फोटोशी जुळला की झालं. मी कपाटावरून बाबांची पेन्शनची फाइल काढली, नंबर टाकला, बाबांना बैठकीत खुर्चीवर बसवलं आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

फिरतं चक्र आलं. लाल अक्षरं आली. चेहरा जुळत नाही.

"काय म्हणते?"

"जुळत नाई म्हणते."

"काऊन? मीच हाओ ना." बाबांनी चष्मा काढला, केसांवरून हात फिरवला, ताठ बसले. पुन्हा धरला. चेहरा जुळत नाही. तिसऱ्यांदाही तेच. "असं कसं जुळत नाई वं? तीस वर्षं त्या कचेरीत बसलो. सारं समुद्रपूर ओळखते मले. अन् हा डब्बा म्हणते हे तुम्ही नाई? मंग मी कोण हाओ?"

ती खुर्ची तीच. ट्रे ठेवून मी बसले होते तीच. माझ्या जिभेवर पंधरा वर्षं एक वाक्य होतं आणि मी ते टाकलं. जपून, एकेक शब्द, त्यांच्याच आवाजात. "उन्हात फिरले असान, बाबा. म्हणून रापले. चार दिवस घरात बसा, येईन मूळचा रंग."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. आता लागेल, आता आठवेल.

बाबांनी मान हलवली. "हो ना," म्हणाले, "अंगणातच तर बसतो दिवसभर." आणि आशेनं माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुहा तो कॅमेरा होता ना, त्याच्यानं काढून पाह्य. त्याच्यात चांगला येते चेहरा."

त्यांना आठवत नव्हतं. माझी बोरची दोन वर्षं, जीप, तोंडावर वाळलेलं बेसन, काहीच नाही. कॅमेरा चांगला होता, एवढं राहिलं.  इतकी वर्षं सांभाळलेला राग मी काढून दाखवला आणि समोरच्यानं तो पाहिलासुद्धा नाही.

 बाबांना हाताला धरून उठवलं, ओसरीच्या पायरीवर नेऊन संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बसवलं, मोबाइलची काच पदरानं पुसली आणि म्हटलं, "काई करू नका. जसे हा तसेच बसा." बाबा बसले. काळे, सुरकुतलेले, भुवईवर पांढरे केस. उन्हात चेहऱ्याची रेघ न् रेघ दिसत होती. चक्र फिरलं आणि हिरवी खूण आली.

"झालं. जुळला."

"मंग!" बाबा खूश झाले, मांडीवर थाप मारली. "म्हटलं ना मीच हाओ. मी काय खोटा हाओ का?"

मी फाइल बाहेर आणून बाबांशेजारी बसून आवरायला घेतली. बाबा कोणताही कागद टाकून देत नाहीत. पेन्शनच्या कागदांच्या मागे जुन्या पावत्या होत्या, त्यांच्या मागे बाबांच्या अक्षरातला, पिवळा पडलेला एक फुलस्केप होता, आणि त्याला गंजलेल्या टाचणीनं लावलेला फोटो निसटून बाबांच्या मांडीवर पडला. गुलाबी साडी. नितळ, गोरा चेहरा. बाबांनी तो उचलला, चांगल्या डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. उन्हात तो हात आणि तो फोटो.

"कोण हाय वं हे पोरगी?" बाबांनी विचारलं. "आपल्यातली नाई वाटत."

"नाई, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही पसंत केलती. वर्ध्याच्या दुकानात."